वन्संच्या खिडक्या

आमच्या पुढच्या दाराचे दोन भाग आहेत, वरचा आणि खालचा. सकाळी वन्सं वरचा भाग उघडायच्या, खालच्याला कडी तशीच ठेवायच्या आणि कमरेवर हात ठेवून आत उभ्या राहायच्या. बाहेर आईबापांची रांग. मूल आधी दारावरून त्यांच्यासमोर धरायचं. जीभ, डोळे, तळवे, कानामागची बाजू, मग सदरा वर करून पोट. सगळं नीट असलं तरच कडी निघायची. कामावर जायला उशीर झालेले आईबाप चुळबुळ करत, घड्याळ दाखवत, पण वन्संना त्याचं सोयरसुतक नसे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या भावाकडे राहायला आल्या आणि आमच्या पुढच्या खोलीत त्यांनी पाळणाघर काढलं. माझी परवानगी विचारली होती, हे मान्य करते. फक्त मी काय उत्तर दिलं ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत. मुलं त्यांना आत्या म्हणत आणि मुलांचं ऐकून आईबापही आत्याच म्हणत.

पाळणाघर म्हटलं की रोगराई आलीच. एकाच्या नाकातलं दुसऱ्याच्या हाताला आणि दुसऱ्याच्या हातातलं तिसऱ्याच्या तोंडात, हा तिथला दिवसभराचा उद्योग. पहिल्या वर्षी मला सर्दी झाली, डोळे आले, डोक्यात उवा झाल्या आणि एकदा असे जुलाब लागले की पोस्टातल्या माझ्या खिडकीवर दोन दिवस दुसऱ्या कुणाला तरी बसावं लागलं. तेव्हा मी वन्संपुढे हात जोडले. त्या म्हणाल्या, "घरात आल्या आल्या साबणानं हात धू. नुसतं पाणी लावून पुसतेस, ते मी बघितलंय."

पण हळूहळू त्यांचा हात बसला. लाल डोळ्यांचं, पापण्या चिकटलेलं मूल घेऊन एखादा बाप यायचा आणि म्हणायचा, "रात्री झोप नाही हो झाली तिची."

"मग घरी नेऊन झोपवा. ती डोळा चोळणार, तोच हात खेळण्याला लावणार आणि ते खेळणं बाकीचे घेणार. उद्या सगळ्यांचीच झोप उडेल."

बाप गुपचूप परत फिरायचा. गाल सुजलेल्या मुलाची 'दाढ येतेय' म्हणून कुणी बतावणी केली, तर वन्सं कानाखाली बोट लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "दाढ कानाखाली येते का कुणाला? गालगुंड आहे. डॉक्टरांना दाखवा." बोटांच्या बेचक्यात पुरळ आणि रात्रभर खाज, म्हणजे खरूज, मग त्या मुलाबरोबर घरच्या सगळ्यांनी औषध लावायचं आणि अंथरुणं गरम पाण्यात काढायची. तळव्यांवर बारीक फोड, तोंडातून सारखी लाळ आणि जेवायला घेतलं की रडारड, म्हणजे सरळ घर. कांजण्यांना मात्र त्या टरकून असत. तो पाणी भरलेला फोड दिसायच्या आधीच मुलानं इतरांना प्रसाद वाटलेला असतो, त्यामुळे एकाला झाल्या की पुढे बरेच दिवस सगळ्यांची पोटं रोज उघडी करून बघायचं काम वाढायचं.

प्रत्येक मुलाचा टॉवेल वेगळा, त्यावर शिवलेलं चित्र वेगळं. मांजरवाला, होडीवाला, छत्रीवाला. चमचे रोज उकळत्या पाण्यातून काढलेले. कुणाचा पेला कुणाला लागला की मोठा गुन्हा. माझा नवरा गमतीनं म्हणायचा, "ताई, तुझ्याकडे यायला जंतूंनासुद्धा रांग लावावी लागते."

एका गोष्टीवरून मात्र आमचं रोज वाजायचं. खिडक्या.

पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूला दोन मोठ्या खिडक्या होत्या आणि दोन्ही कायम बंद. नुसत्या बंद नव्हेत, फटींमध्ये कापडाच्या पट्ट्या कोंबलेल्या. दुपारी मी कामावरून यायचे तेव्हा मुलं ओळीनं झोपलेली असत, वन्सं मधोमध बसून कुणाला थोपटत अंगाई म्हणत असत, आणि खोलीत दूध, साबण, लंगोट यांचा असा काही वास कोंडलेला असे की आत पाय टाकताच माझं डोकं उठे.

"वन्सं, अहो उकडून निघतील पोरं! उघडा की एक तरी."

"हवा लागेल त्यांना."

"हवा लागायलाच हवी. जिवंत आहेत ती."

"तुला काय कळतंय?" एवढं बोलून त्या पाठ फिरवायच्या. बाकी कुठल्याही विषयावर माझ्याशी तास तास हुज्जत घालणारी ही बाई खिडकीचं नाव काढलं की गप्प होई. मीही हट्टी. एकदा त्या बाहेर गेल्याचं बघून मी पट्ट्या उपटल्या. परत आल्यावर त्या ओरडल्या नाहीत, खाली बसून एकेक पट्टी पुन्हा भरायला लागल्या. तेव्हापासून मी तो नाद सोडला.

खोकला कधी सुरू झाला ते नक्की सांगता येणार नाही. आधी खवखव होती. "दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसलाय," असं त्या म्हणायच्या. मग गरम पाण्याचा पेला सतत हाताशी आला. मग कपडे सैल व्हायला लागले. संध्याकाळी अंग कसकसतंय म्हणून त्या लवकर आडव्या व्हायच्या आणि सकाळी उशीचा अभ्रा घामानं ओला झालेला असायचा. मी एकदा सरळच विचारलं, "तुमच्यासारखं मूल दारात आलं असतं, तर तुम्ही आत घेतलं असतं का?"

"मी काय मूल आहे?" असं म्हणून त्या पेला घेऊन आत गेल्या.

त्या वेळी पाळणाघरात सगळ्यात लहान होती गुब्बी. तिची आई बेकरीत कामाला. ती भट्टीवरून मध्येच निघून मुलीला सोडायला यायची, कोपरापर्यंत पीठ, केसांवर पीठ, आणि कडेवर ही गोलमटोल पोर. गालांवरूनच तिचं नाव गुब्बी पडलं होतं. ती चालायला लागली होती, पण दुपारी झोपायला तिला वन्संची मांडीच लागायची. दुसरीकडे ठेवली की घर डोक्यावर घ्यायची. मग वन्सं तिला छातीशी धरून अंगाई म्हणत, मधूनच खोकत, पुन्हा म्हणत.

ती पोर उतरायला लागली हे पहिल्यांदा वन्संनाच कळलं, रोज उचलणारा हात होता त्यांचा. एक दिवस दारावरून मुलीला घेताना त्या म्हणाल्या, "हिचं वजन कमी झालंय. गाल बघ कुठे गेले. खेळतही नाही, नुसती पडून राहते. संध्याकाळी अंग तापतं का?"

"थोडं थोडं," बेकरीवाली म्हणाली. "दात येतायत ना."

"दातांवर ढकलू नकोस. आज दवाखान्यात ने. जंत असतील, आणखी काही असेल. दाखवल्याशिवाय उद्या मी आत घेणार नाही."

बेकरीवाली घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी मुलीला नीट तपासलं, मानेतली गाठ बघितली आणि विचारलं, घरात कुणाला जुना खोकला आहे का? नाही, ती म्हणाली. मग दिवसभर मूल कुणाजवळ असतं?

त्या दिवशी मी घरीच होते. भर दुपारी बेकरीवाली आली आणि अर्ध्या दारापाशी उभी राहिली. मुलगी कडेवर. तिनं हाक मारली नाही. आत वन्सं चमचे पुसत होत्या आणि खोकत होत्या. बेकरीवाली ते ऐकत राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "खोकला कधीपासून आहे तुम्हाला?"

त्या दारावरून हा प्रश्न आजवर बाहेरच्यांना विचारला गेला होता. आतल्या माणसाला कुणी विचारला नव्हता. वन्संनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना पुन्हा ढास लागली. ती थांबेपर्यंत बेकरीवाली रस्त्यावर दूर गेली होती.

दुसऱ्याच दिवशी मी वन्संना दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि जे निघायचं ते निघालं. क्षय. वन्संच्या तोंडचं पाणी पळालं, पण त्यांचा पहिला प्रश्न स्वतःबद्दल नव्हता.

"पण मी सगळ्यांचे चमचे उकळते. टॉवेल वेगळे, पेले वेगळे. एकाचं उष्टं दुसऱ्याला देत नाही मी. मग पोरीला झालं कसं?"

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलणं शांत. त्या म्हणाल्या, "ते सगळं तुम्ही बरोबर केलंत. जुलाब, खरूज, डोळे येणं, अशा कितीतरी गोष्टी त्यानं टळल्या असतील. हा आजार मात्र ताटाचमच्यातून जात नाही. आजारी माणूस खोकतो, बोलतो, गातो, तेव्हा जंतू हवेत जातात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत शिरतात. मोकळ्या हवेत ते पांगतात. खोली बंद असली तर तिथेच तरंगत राहतात. मुलं झोपतात त्या खोलीच्या खिडक्या उघड्या असतात ना?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्यापुढे माझं म्हणणं खरं ठरायला नको होतं.

"हवा लागू नये म्हणून..." वन्सं पुटपुटल्या.

"पूर्वी घरात कुणाला छातीचं दुखणं होतं का? बरीच वर्षं आधी असलं तरी सांगा. हे जंतू शरीरात शिरून वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतात. शक्ती कमी झाली की डोकं वर काढतात."

मग वन्संनी जे सांगितलं ते मी त्यांच्यासोबत एका घरात इतकी वर्षं राहून कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा नवरा महिनोन् महिने खोकत होता. वाळून काटकी झाली होती त्याची. सासरच्यांनी चारचौघांत रोगाचं नाव निघू नये म्हणून कुणाला दाखवलं नाही. खोली बंद करून आत ठेवला. एके रात्री तो म्हणाला, "जीव गुदमरतोय गं, खिडकी उघड." वन्संनी उघडली. थंडी होती. दोन दिवसांनी तो गेला. सासूनं सगळ्यांसमोर सांगितलं की हिनं खिडकी उघडली, हवा लागली, छाती भरली, हिनंच घालवला माझ्या मुलाला.

सांगून झाल्यावर वन्संनी विचारलं, "म्हणजे... मी खिडकी उघडली म्हणून नाही गेला तो?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खिडकीनं नाही गेले. औषध मिळालं नाही म्हणून गेले. उलट ती उघडलीत, तेवढा त्यांना मोकळा श्वास मिळाला असेल."

वन्सं रडल्या. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांचा हात माझ्या हातात घेतला तेव्हा मलाही आवरेना. कुणाच्या तरी एका वाक्यापायी या बाईनं जन्मभर खिडक्या बुजवल्या होत्या, आणि आता बरं वाटावं तर कसं, तिकडे गुब्बी तापानं फणफणत होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, "उद्या आईबापांना मी सांगते. तुम्ही आत पडून राहा."

"पोरं त्यांनी माझ्याकडे सोडली होती. तुझ्याकडे नाही."

सकाळी त्या नाकातोंडाला फडकं घट्ट बांधून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. दाराचे दोन्ही भाग बंद. जो येईल त्याला त्या लांबूनच सांगत होत्या. मला क्षय आहे. पाळणाघर बंद. मूल ठणठणीत दिसत असलं तरी दवाखान्यात नेऊन तपासून घ्या, लहानांना औषध देतात, ते चुकवू नका. हेच पुन्हा पुन्हा. एक बसचालक बाप नाही नाही ते बोलला आणि त्यांनी ऐकून घेतलं. एका बाईनं "काही होत नाही हो आत्या, आमचं घट्ट आहे" म्हणून हसण्यावारी नेलं, तर तिच्यावर मात्र त्या उखडल्या: "घट्ट आहे की सैल ते डॉक्टरांना बघू दे! आधी जा!" सगळ्यात शेवटी बेकरीवाली आली. एकटीच. माझ्याकडून गुब्बीचा मांजरवाला टॉवेल मागून घेतला, घडी केली आणि गेली. बसचालकाच्या शिव्या परवडल्या असत्या.

तपासणीत बाकी मुलं सुटली, आम्ही नवराबायकोही. लहानांना खबरदारीचं औषध सुरू झालं. गुब्बीला मात्र आजार निघाला आणि रोजचं औषध लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत आणली आहे, बरी होईल. पण 'होईल' आणि 'झाली' यांच्यामध्ये काळीज कुरतडणारे किती दिवस असतात, ते आमच्या घरानं बघितलं.

वन्सं मागच्या खोलीत राहायला गेल्या. तिथली खिडकी त्यांनी स्वतः उघडली आणि रात्रीही उघडी ठेवली. गोळ्यांनी त्यांना मळमळायचं. पहिल्यांदा लघवी केशरी झाली तेव्हा "आता माझं काही खरं नाही" म्हणून त्यांनी भावाला हाका मारल्या. ते गोळ्यांमुळेच होतं हे डॉक्टरबाईंनी आधी सांगितलेलं त्यांच्या लक्षातच नव्हतं. काही आठवड्यांनी खोकला थांबला, थुंकीत जंतू सापडेनात. आता तुमच्यापासून कुणाला लागण व्हायची नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. तरी वन्सं जेवताना आमच्यापासून लांब बसायच्या आणि बोलताना तोंड भिंतीकडे करायच्या. मी चिडायचे. त्या ऐकायच्या नाहीत.

आणि रोज संध्याकाळी मला एकच प्रश्न, "गुब्बी कशी आहे?"

मला कुठून कळणार? मग मी कामावरून येताना बेकरीत जायला लागले. बेकरीवाली मला ओळख दाखवायची नाही. पाव बांधून पुढे सरकवायची आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळायची. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. घरात पाव इतका साचला की माझा नवरा म्हणाला, "अगं, आता माझ्याच अंगाला खमिराचा वास यायला लागलाय." तरी मी जात राहिले. अशी कितीतरी पुडकी झाल्यावर एक दिवस तिनं पाव बांधता बांधता, वर न बघता सांगितलं, "काल पोटभर जेवली." मी घरी धावत आले म्हटलं तरी चालेल. त्यानंतर पुडक्याबरोबर एखादं वाक्य मिळू लागलं. ताप उतरला. गाठ कमी झाली. खुर्चीवर चढते. वन्संना मी ते जसंच्या तसं सांगायचे आणि त्यांच्या जिवात जीव यायचा.

सहा महिन्यांचे उपचार संपले. सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. वन्संनी दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं आणि पुढच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांची तावदानं काढून टाकायला सांगितली.

"अहो, नुसती उघडी ठेवली तरी चालतील," मी म्हटलं. "पावसाचं काय करायचं?"

"पावसाचं तू बघ. बंद करायला काही राहायलाच नको." वर जाळी ठोकून घेतली, झालं.

मग एका सकाळी त्यांनी दाराचा वरचा भाग उघडला आणि पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या. आईबापांना निरोप गेला होता. रस्त्यावरून माणसं जात होती, काही मान डोलवत होती, थांबत कुणी नव्हतं. होडीवाल्या टॉवेलची आई तेवढी आली, मुलाला सोडून गेली. बराच वेळ गेला. वन्संचे कमरेवरचे हात खाली आले. मी आतून म्हटलं, "बसा आता थोडं." त्या बसल्या नाहीत.

कोपऱ्यावरून बेकरीवाली आली. कोपरापर्यंत पीठ आणि कडेवर गुब्बी. गाल परत आले होते, नाव पुन्हा शोभत होतं. ती दारासमोर थांबली, पण मुलीला तिनं पुढे केलं नाही.

"तोंड उघडा," ती वन्संना म्हणाली.

वन्संनी तोंड उघडलं.

"खोकला?"

"नाही."

"संध्याकाळचा ताप?"

"नाही."

"रात्री घाम येतो?"

"नाही. वजनही वाढलंय."

एखाद्या मुलासारखी ती बाई उत्तरं देत होती. बेकरीवाली एवढ्यावर थांबली नाही. तिनं दारावरून आत वाकून दोन्ही खिडक्या बघितल्या. जाळीतून वारा येत होता आणि खुंट्यांवरचे टॉवेल हलत होते. मग तिनं खांद्यावरच्या पिशवीतून मांजरवाला टॉवेल काढला, दाराच्या कडेवर ठेवला आणि मुलीला दोन्ही हातांनी पुढे केलं.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही त्या दिवशी दवाखान्यात पाठवलं नसतंत, तर मी दात दात करत बसले असते."

वन्संनी पोरीला घेतलं, पण हात ताठ धरून, अंगापासून लांब. तोंड भिंतीकडे वळवलेलं. इतक्या महिन्यांची सवय. गुब्बीला ते मुळीच पसंत पडलं नाही. तिनं वन्संची हनुवटी मुठीत धरली आणि तोंड आपल्याकडे ओढलं. वन्सं घाबरून श्वास रोखून उभ्या राहिल्या.

"घ्या श्वास, आत्या," बेकरीवाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "घ्या. आता काही होत नाही."

वन्संनी श्वास सोडला. पोरीला छातीशी घेतलं, डोळे पुसले, आणि नाक ओढत तिची मूठ सोडवून आधी तळवे बघितले.